टाकीतलं मीठ

प्रिय मास्तरीणबाई,

झाले एकदाची पास! ही बातमी सगळ्यांत आधी तुला द्यायची असं सात वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पण घरी पोचले तेव्हा दारातच दोन्ही पोरं आणि सासूबाई अशा तिघांनी माझा चेहरा वाचला, त्यामुळे तुझा नंबर चौथा लागला. रागावू नकोस. त्या तिघांना बातमी मिळाली, तुला पत्र मिळतंय, आणि तेही हाताने लिहिलेलं. अक्षर लागलं नाही तर माझ्या गणिताच्या वह्या आठव. त्या वाचून तू जगलीस, तर हेही वाचशील.

व्हायवा मंगळवारी सकाळी झाला. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यापेक्षा निदान आठ वर्षांनी लहान असतील. मी खोलीत शिरले तर ते चटकन उठून उभे राहिले आणि अदबीने विचारायला लागले, "या मॅडम, विद्यार्थिनी बाहेर थांबलीय का?" आपल्या सरांना हसू दाबता येईना, त्यांनी तोंडापुढे माझाच प्रबंध धरला. मला मात्र त्या क्षणी तूच आठवलीस. पहिल्या दिवशी गणिताच्या वर्गात मी दारातून आत आले, तर सगळा वर्ग 'गुड मॉर्निंग' म्हणत उभा राहिला होता आणि पहिल्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी तर खडू पुढे करून उभी होती. छत्तीस वर्षांची, दोन पोरांची आई, पाणीपुरवठा खात्यात नोकरी करणारी बाई पर्स सावरत मुकाट्याने तुझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा तू खडू खाली ठेवला नाहीस. माझ्याच हातात दिलास आणि कानात म्हणालीस, "असू दे ताई, कधीतरी लागेल."

सर्वांना वाटतं पदव्युत्तर पदवी म्हणजे प्रबंध. प्रबंध पुढचा गं, आधी ते दहा विषय. आठ मी कसेबसे ओढले. नववा सेमिनार म्हणजे नुसती बडबड, ती मला येतेच. पण ते अभियांत्रिकी गणित! पहिल्या खेपेला शंभरात एकोणीस मिळाले होते. मी तो निकाल पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि घरी 'अजून लागला नाही' असं चक्क आठवडाभर सांगत राहिले. हे फक्त तुला माहीत होतं. तू माझी समजूत घातली नाहीस, 'होतं असं' म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मला काँक्रीटच्या लॅबमध्ये घेऊन गेलीस, साच्यांना तेल लावायला बसवलंस आणि एका उपड्या लोखंडी पत्र्यावर खडूने टाकीचं चित्र काढलंस.

ते गणित मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. एका टाकीत दोनशे लिटर खारं पाणी आहे. एवढं आत येतं, एवढं बाहेर जातं, अमुक वेळानंतर टाकीत मीठ किती? मी आकड्यांच्या मागे धावायचे आणि तू पत्र्यावर टिचकी मारून विचारायचीस, "ताई, आकडे सोडा. आत काय येतंय? बाहेर काय जातंय? एवढंच सांगा." साच्यांचे बोल्ट आवळता आवळता तू मला ते सतरा वेळा विचारलंस. एकदाही आवाज चढवला नाहीस. मधूनच लॅबमामा चहा घेऊन यायचे, पत्र्याकडे बघायचे आणि "टाकी अजून भरली नाही का?" म्हणून निघून जायचे. पुढच्या परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. दहापैकी दहा. एकूण एकसष्ट. मी निकाल घेऊन लॅबमध्ये आले, तेव्हा तू सिमेंटने बरबटलेल्या हातांनीच मला मिठी मारलीस. तो कुडता मी अजून टाकलेला नाही. डाग गेला नाही आणि जावा असं वाटलंही नाही.

आता तुझ्या टाकीबद्दल लिहिते. इथपर्यंत हसत आले, पण खरं पत्र इथून पुढेच आहे.

तुझे काँक्रीटचे चोवीस क्यूब, ते चौकोनी ठोकळे, आपण साच्यांत ओतले तो दिवस तुला आठवत असेलच. सिमेंट कमी करून त्याजागी वीजकेंद्रातली राख घातली, तर समुद्राचं खारं पाणी काँक्रीटमध्ये कमी शिरतं की जास्त, हा तुझा प्रश्न. चार तऱ्हांचं मिश्रण, राख शून्य टक्के, पंधरा, तीस आणि पंचेचाळीस. पाण्यात कुठलीच खूण टिकत नाही म्हणून माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश घेऊन तू एकेका क्यूबवर आकडे घातलेस. शेवटच्या क्यूबवर आकड्याशेजारी एक छोटं तोंड वेडावणारं चित्रही काढलंस. एका टाकीत चोवीस मावेनात, म्हणून बारा खिडकीजवळच्या टाकीत आणि बारा दाराजवळच्या. दोन्हींत समुद्राइतकं खारट पाणी. दहा विषय तुझे कधीच संपले होते, तेही पहिल्या वर्गात. आता फक्त वर्षभर थांबायचं, क्यूब फोडायचे, मीठ किती खोल गेलं ते मोजायचं आणि लिहायचं. उरलं होतं ते एवढंच.

आणि तिसऱ्या आठवड्यात तुझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तू दोन महिन्यांत परत येते म्हणून गेलीस. बॅग उचलताना तू ना पुस्तकांचं बोललीस ना हॉस्टेलच्या खोलीचं. एवढंच म्हणालीस, "ताई, टाकीतलं पाणी बघा हं." दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. खिडक्या-दारांचा तो कारखाना, आठ कामगार, आईची घालमेल, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर आलं. मी तुला कधी 'कधी येतेस' असं विचारलं नाही. तुला जखमेवर बोट ठेवल्यासारखं होईल असं वाटायचं. पण पाणी मात्र बघत राहिले. दर शनिवारी ऑफिस सुटलं की लॅबमध्ये जायचं, खिडकीजवळच्या टाकीचं झाकण काढायचं, पाणी आटून अर्धं पेर खाली गेलेलं असायचं, साधारण तीन लिटर. ते भरायचं आणि तुझ्या वहीत तारीख घालून लिहायचं. दाराजवळची टाकी कपाटाच्या फटीत होती, तिथे माझा हात पोचेना, म्हणून ती मामांनी घेतली.

माझं काम किती चोख होतं ते ऐक. मी नुसतं पाणी ओतत नव्हते. तराजूवर मीठ तोलून घ्यायचे, बादलीत विरघळवायचे, टाकीत होतं अगदी तेवढंच खारट पाणी तयार करायचे आणि मगच ओतायचे. आपल्या मैत्रिणीच्या पाण्याचा खारटपणा तसूभरही कमी होता कामा नये! असे सत्तर शनिवार. एकदा तर ताप अंगात घेऊन गेले होते.

तुला आता कळलं असेल. तू तिथे कपाळावर हात मारून घेतला असशील.

मला कळलं ते स्वयंपाकघरात. सासूबाई सूप गरम करत होत्या, ते आटून घट्ट झालं म्हणून त्यांनी त्यात भांडंभर पाणी घातलं. मी शेजारी उभी होते, सवयीने मिठाच्या डब्यात चमचा घातला. त्या खेकसल्या, "अगं, मीठ कशाला परत? पाणी आटलंय. मीठ काय उडून गेलं?" मी चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्यांना वाटलं मला राग आला. त्या बिचाऱ्या रात्रीपर्यंत माझ्याशी फार गोड बोलत होत्या. मला मात्र दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तो उपडा पत्रा, ती टिचकी, आणि तू सतरा वेळा विचारलेलं. आत काय येतंय? बाहेर काय जातंय? बाहेर फक्त पाणी जात होतं आणि मी दर शनिवारी आत मीठ टाकत होते. परीक्षेत ज्या गणितात दहापैकी दहा मिळवले, तेच गणित तुझ्या टाकीत मी सत्तर आठवडे चुकत होते.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून लॅबमध्ये गेले. मामांना विचारलं, तुम्ही तुमच्या टाकीत काय घालता? ते म्हणाले, "साधं पाणी. तेच आटतं ना?" दहावी झालेला माणूस तो. मी बाकावर बसून लहान पोरीसारखी रडले. मामांनी टाकीचं झाकण लावलं, पंखा सुरू केला आणि खारेपणा मोजायचं ते काचेचं तरंगतं यंत्र माझ्यापुढे आणून ठेवलं. मोजणं भाग होतं. साडेतीन टक्क्यांचे सात झाले होते. बरोबर दुप्पट.

आणि त्याच आठवड्यात तुझा निरोप आला. 'ताई, टाकी आहे का अजून, की फेकली?' मी उत्तर पाठवलं, 'आहे.' एवढंच. पुढे तू तीन-चारदा फोन केलास, मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. मी मीटिंगमध्ये नव्हते. एकदा तर रस्त्यावर उभी राहून मक्याचं कणीस खात होते. मग तुझे फोन थांबले, वर्षाकाठी एखादा निरोप तेवढा यायचा. तुला वाटलं असेल, ताई बदलली, आपलं काम झाल्यावर विसरली. तसं काही नव्हतं गं. जिने मला उभं केलं तिचंच आयुष्यातलं एक वर्ष मी खारवून टाकलं, हे तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता. साडेतीन वर्षं झाला नाही. आज होतोय, तोही कागदावर. मला माफ कर. त्या दुप्पट मिठाबद्दल तर करच, पण न उचललेल्या फोनांबद्दल आधी कर.

सरांना मात्र मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे तुझी वही मागितली आणि पान न् पान चाळलं. प्रत्येक शनिवारची तारीख, किती लिटर, किती ग्रॅम मीठ, सगळं होतं. मग म्हणाले, "चूक नोंदवून केलीय, हे बरं झालं. आता प्रत्येक आठवड्याला टाकीत मीठ किती होतं ते काढून दाखव." मी तिथेच बसून काढलं. तुझ्याच पद्धतीने, आधी आकडे सोडून. गणिताने शेवटी सात पूर्णांक दोन दिले, यंत्राने सात. उरलेलं मीठ कुठे गेलं असं मी विचारल्यावर सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, क्यूबनीच प्यायलं असेल, त्यासाठीच तर बुडवलेत ना! माझ्या हिशेबाचा तो कागद मी तुझ्या वहीत चिकटवलाय. परत आलीस की तपास. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तू मला परीक्षेपुरतं गणित शिकवलं नव्हतंस.

सरांनी खोटा दिलासा दिला नाही, मीही देत नाही. खिडकीजवळचे बारा क्यूब तुझ्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देणार नाहीत. ती टाकी आहे तशी सात टक्क्यांवरच ठेवायची असं ठरलं, त्यातून वेगळं काही निघालं तर तो तुझा शहाणपणा. पण दाराजवळचे बारा अगदी स्वच्छ आहेत. चारही मिश्रणांचे तीन-तीन. सर म्हणतात तेवढे पुरतात, जेमतेम, पण पुरतात. आणि तुला हवे होते एका वर्षाचे, ते आता पाच वर्षांचे झालेत. आपल्या लॅबमध्ये इतके जुने राखेचे क्यूब आजवर कुणी ठेवलेच नव्हते. मामा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते दाखवतात आणि हात लावू देत नाहीत.

एक आणखी सांगते, नाहीतर पोटात राहील. दोन वर्षांपूर्वी माझं स्वतःचं काम अडलं होतं. जुन्या टाक्यांच्या भेगा बुजवायचा माझा विषय, आणि मी बुजवलेली भेग हटकून पुन्हा गळायची. तेव्हा सर म्हणाले, ती आता येत नाही, तिचे क्यूब तू घे, निदान तुझी पदवी होईल. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. विषय बदलायचा तो अर्ज तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता, पूर्वी एकोणीस मार्क जिथे लपवले होते त्याच कप्प्यात. शनिवारी पाणी घालायला गेले, झाकण काढलं आणि ते तोंड वेडावणारं चित्र समोर आलं. नेलपॉलिश फिकट झाली होती. मी अर्ज परत केला, नवी बाटली आणली आणि मामांना हाताशी घेऊन चोवीसही क्यूबवरचे आकडे पुन्हा गिरवले. चित्र तेवढं मला नीट जमलं नाही.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे ते. परवा पास झाल्याचा शिक्का घ्यायला परीक्षा विभागात गेले. तिथल्या बाईंच्या टेबलावर एक यादी होती, या सत्राअखेर ज्यांचे विषय बाद होणार त्यांची. विषय पास झाल्यापासून नाही गं, प्रवेशाच्या दिवसापासून सात वर्षं धरतात. तुझं आणि माझं घड्याळ एकाच सकाळी सुरू झालं होतं. माझं काम काट्यावर उरकलं. यादीत सहावं नाव तुझं होतं, आणि त्यापुढे एकच ओळ, 'प्रबंध बाकी'. सेमिनारसकट दहाही विषय पास, आणि चार महिन्यांनी सगळं पुसलं जाणार. पुन्हा यायचं म्हटलंस तर पहिल्या दिवसापासून, त्या गणितापासून. मी बाईंना विचारलं, काही करता येईल का? त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुनर्नोंदणीचा अर्ज आला तर येईल, पण तिची स्वतःची सही हवी. म्हणून फोन केला नाही. या पाकिटात तो अर्ज आहे. सरांची सही झालीय, विभागप्रमुखांचीही. खाली पेन्सिलने फुली केलीय, तिथे तुझी. क्यूब फोडायचं मशीन पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या नावाने राखून ठेवलंय. क्यूब एकदा फोडला की फोडला, तो दुसऱ्या कुणाच्या हातून फुटू नये. मी तुझ्या मागच्या निरोपात वाचलं की बाबा आता काठी टेकत कारखान्यात येऊन बसतात आणि सगळ्यांवर ओरडतात. ज्याला ओरडता येतं त्याला चार महिने कारखाना सांभाळता येईल, असं माझं आपलं मत. लिहायचं काम आठवड्यातून दोन दिवस इथे, बाकी तिथून. राहायला माझं घर आहे. सासूबाई तुला सूप करून घालतील, त्यांना मी सगळी हकिगत सांगितलीय, आणि आपण एक संशोधन वाचवलं असं त्या शेजारीपाजारी सांगत सुटल्यात. येणं जमणारच नसेल तर तसं कळव, मी एका शब्दाने बोलणार नाही आणि शनिवारचं पाणी घालत राहीन. साधं पाणी. पण माझ्यावर रागावून मात्र राहू नकोस. आणि हे शेवटचं. माझ्या प्रबंधात आभाराचं पान आहे. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पदवी छापलीय, अगदी मामांच्या दहावीसकट, ते अडूनच बसले होते. सगळ्यांत वर तुझं नाव आहे, 'माझ्या गणिताच्या शिक्षिका' म्हणून. प्रती घेताना ग्रंथालयाच्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, "या बाईंच्या नावापुढे जागा कोरी का?" मी सांगितलं, ती मुद्दाम सोडलीय, चार महिने थांबा, त्या स्वतः येऊन भरतील. ते साहेब मान हलवून म्हणाले, ठीक आहे, तोवर ही प्रत मी कपाटात लावत नाही.

पेन्सिलच्या फुलीवर सही कर आणि ये.

तुझीच,
पहिल्या बाकावरची ढ